तीनदा विचारून धन्यवाद

मला कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकवत नाही. समोरच्याचं अर्धं वाक्य झालं की उरलेलं मला कळलेलं असतं, निदान मला तसं वाटतं, आणि मी मध्येच तोंड घालते. शाळेत या सवयीपायी बाई मला वर्गाबाहेर उभं करायच्या. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलायचं म्हणजे उतारावरून सायकल सोडायची, पाय टेकायला मिळतच नाहीत. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे घडलं त्यात यंत्राचा दोष किती आणि माझा किती, हे मला अजून नीट वेगळं काढता आलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी लग्न होऊन वाशिंदला आले होते आणि खाडीपलीकडच्या एका छोट्या कंपनीत कामाला जात होते. माहेर मुरबाड तालुक्यातलं, टोकावड्याच्या अलीकडं एसटीतून उतरून आत चालत जायचं. आई मी कॉलेजात असतानाच गेली. घरी भाऊ, वहिनी आणि वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. मी कंपनीत काय करते हे माहेरी मी कधी धड सांगितलंच नाही. ‘कॉम्प्युटर’ म्हटलं की प्रश्न संपायचे, आणि मलाही तेच सोयीचं होतं.

काम मात्र गमतीचं होतं. इंटरनेटवरची पानं जशी खुणांच्या भाषेत लिहितात, कोनाकृती कंसात एकेक शब्द, हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र, तशीच एक भाषा फोनसाठी निघाली होती. तिचं नाव व्हॉइसएक्सएमएल. तिच्यात लिहिलेलं पान बघायचं नसतं, ऐकायचं असतं. एका खुणेत यंत्रानं काय बोलायचं ते लिहायचं. दुसरीत माणसानं कोणकोणती उत्तरं दिलेली चालतील त्यांची यादी. तो गप्पच राहिला तर काय करायचं ते तिसरीत, आणि भलतंच काही बोलला तर काय, ते चौथीत. म्हणजे एक अख्खं संभाषण दोन्ही बाजूंनी आधीच लिहून ठेवायचं आणि मग माणसाला त्यात सोडायचं. समोरच्यानं काय बोलायचं हेही आपणच ठरवायचं, असलं काम माझ्यासारखीला मिळालं, मग काय विचारता. मी जेवणाचा डबा विसरून बसायचे.

एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचं काम आमच्याकडं आलं. रुग्णालय शहरातलं, पण त्यांचे डॉक्टर तालुक्यातालुक्यात शिबिरं घ्यायचे, डोळे तपासायचे आणि ऑपरेशनची गरज असलेल्यांची यादी करायचे. अडचण अशी की दिलेल्या तारखेला अर्धे लोक यायचेच नाहीत. कुणाची लावणी निघे, कुणाकडं लग्न, कुणाला आणायला माणूस नसे. खाट रिकामी राहायची आणि रांगेतला दुसरा वाट बघत बसायचा. म्हणून त्यांना यंत्र हवं होतं. यंत्रानं आधी फोन करायचा, तारीख सांगायची आणि येणार का ते विचारायचं. ‘हो’ म्हटलं की नाव पक्कं. ‘नाही’ म्हटलं किंवा उत्तरच मिळालं नाही, तर ती खाट पुढच्याला. यात गैर काही नव्हतं. मला आजही नाही वाटत.

ही पानं मी लिहिली. आमच्या साहेबांनी फक्त वरवर बघितली, कारण मराठी मला येत होतं आणि त्यांना नव्हतं. नमुन्यासाठी आवाजही माझाच भरला. मीटिंगच्या खोलीतला पंखा बंद करून, घामाघूम होत, मी माझ्या सगळ्यात शुद्ध मराठीत वाचलं, “नमस्कार. आपल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे.” पुढं एखादी व्यावसायिक बाई बोलावून आवाज बदलायचा होता. पण रुग्णालयाच्या लोकांना माझाच आवाज आवडला. ‘घरचा वाटतो,’ ते म्हणाले. राहू दिला.

एका गोष्टीवर मात्र मी वाद घातला होता. यंत्र बोलत असताना माणसानं मध्येच तोंड उघडलं, तर यंत्रानं गप्प व्हायचं की आपलं बोलणं पुरं करायचं? त्या भाषेत त्यासाठी एक खूण असते, बार्ज-इन. तिच्यापुढं खरं किंवा खोटं एवढाच शब्द लिहायचा. साहेब म्हणाले, रुग्णालय आहे, वयस्कर माणसं, पूर्ण ऐकू दे त्यांना. मी म्हटलं, छे, कोण ऐकतं हो पूर्ण? माणसाला कळलं की त्याला मध्येच ‘हो’ म्हणता आलं पाहिजे, यंत्राची कीर्तनं ऐकायला कुणाला वेळ आहे. ऑफिसातल्या सगळ्यांनी फोन लावून बघितला. सगळ्यांनी यंत्राला मध्येच तोडलं आणि सगळ्यांना ते आवडलं. मी ‘खरं’ लिहिलं.

चालणाऱ्या उत्तरांच्या यादीत ‘हो’, ‘होय’, ‘येणार’, ‘येतो’, ‘येते’ असे शब्द होते. आधी ‘हां’सुद्धा होता. पण कुणी खोकलं, सुस्कारा टाकला, तरी यंत्र त्याला ‘हां’ समजून नाव पक्कं करायचं, म्हणून तो काढला. न समजणारं उत्तर आलं तर दोनदा माफी मागून पुन्हा विचारायचं, तिसऱ्यांदाही तसंच झालं तर आभार मानून फोन ठेवायचा. तिथं माणसाकडं फोन जोडून द्यावा असं आधी ठरलं होतं, पण रुग्णालयात फोनवर बसायला माणूस एकच होता. तेव्हा मीच ते शेवटचं वाक्य लिहिलं, आणि ते उद्धट वाटू नये म्हणून चांगला अर्धा तास घातला. “धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो.”

त्या उन्हाळ्यात मुरबाडला शिबिर होतं. आबांचा डावा डोळा गेला आहे हे आम्हाला तिथं कळलं. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. एका डोळ्यानं काम भागत होतं, मग कोण कशाला बघतो. सकाळी अंगणात येऊन सिद्धगडाचा माथा दिसला की आबांच्या लेखी डोळे ठीक. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलले. काचबिंदू आहे, डोळ्यात दाब वाढलाय, डावा परत येणार नाही. उजवा राखायचा असेल तर ऑपरेशन लवकर झालं पाहिजे, तोपर्यंत हे थेंब. आबा बाहेर आले आणि म्हणाले, “एक हाय ना गो. एकावर निभंल.” त्या एका डोळ्यावर त्यांची शेती होती, चालणं-फिरणं होतं, सगळंच होतं.

फोन नंबर म्हणून मी घरचाच दिला. ओटीवर वायरलेस फोनचा डबा होता, मीच घेऊन दिलेला. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्या बापाला माझंच यंत्र फोन करणार. मी आबांना बजावलं, “रुग्णालयातून फोन येईल. घाई करायची नाही. नीट ऐकून घ्या आणि मग उत्तर द्या.” यंत्राचं सांगितलं नाही. माझ्या आवाजाचंही नाही. म्हटलं, ओळखतात का बघू. थोडी गंमत करायची होती मला.

आबांची तारीख मी ऑफिसातल्या यादीत बघून ठेवली आणि रजा टाकली. दर शनिवारी मी घरी फोन करायचे, तसा केला. विचारलं, फोन आला होता का?

“आलता ना,” आबा म्हणाले.

“बोललात ना नीट?”

“बोललो की. पन काय झाला गो...”

“बरं, मग झालं तर. तारीख मला माहीत आहे, मी न्यायला येते,” म्हणून मी फोन ठेवला. कुकरची शिट्टी होत होती. यंत्राकडं त्यांच्या नावापुढं काय लिहिलंय ते मला एका मिनिटात बघता आलं असतं. पण आबा ‘बोललो’ म्हणाले होते, मग कशाला बघायचं.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. आबा उपाशीपोटी, धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. रुग्णालयाच्या खिडकीशी एक मध्यमवयीन गृहस्थ कागद घेऊन बसले होते. त्यांनी नाव शोधलं आणि म्हणाले, यांची खाट दिली गेली.

मी म्हटलं, कसं शक्य आहे.

त्यांनी कागद फिरवून दाखवला. आबांच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘प्रतिसाद नाही’. हे दोन शब्द माझेच होते. यादीत काय छापून यावं तेही मीच ठरवलेलं. तरी मी त्या गृहस्थांवर आवाज चढवला. माझे वडील स्वतः फोनवर बोललेत, तुमच्याकडं काहीतरी घोळ झालाय, हे यंत्र मी स्वतः बनवलंय, ते चुकत नाही. रांगेतली माणसं बघायला लागली. गृहस्थ शांत होते. म्हणाले, “मॅडम, यंत्र चुकत नाही म्हणता, मग यंत्रानंच हे लिहिलंय.”

आबांची खाट शहापूरकडच्या एका म्हातारीला मिळाली होती. ती आत निघालीच होती, कपाळावर चिकटपट्टीनं नाव लावलेलं, सून हाताला धरून. तिचाही एकच डोळा उरलेला. मी तिच्याकडं बघितलं आणि मला तिचा राग आला. हे कबूल करायला लाज वाटते, पण आला. आबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे गो. तिला पन दिसाय पायजे.”

पुढची तारीख साडेतीन आठवड्यांनंतरची मिळाली. तेवढी मिळवतानाही त्या गृहस्थांनी दोनदा आत जाऊन विचारलं, त्यांचा दोष नव्हता. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी आबांना केळं सोलून दिलं आणि विचारलं, तुम्ही फोनवर नक्की काय बोललात?

आबा माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, “मला काय विचारतंस? तूच तर केलावतास फोन.”

मला आधी समजलंच नाही.

“तुजाच आवाज व्हता. कामावरून बोलत व्हतीस. सायेब बाजूला आसंल, म्हनून तसा बोलत व्हतीस, पुस्तकातला. मंग मदीच ठेवलास. मी म्हनला, पोरगी कामात हाय, रातच्याला परत करील.” केळ्याचा घास घेऊन ते म्हणाले, “शनवारी सांगनार व्हतो, पन तू घाईत व्हतीस.”

आम्ही परतीला निघालो. कल्याणला उतरलो, मुरबाडला एसटी बदलली. आबा खिडकीतून बाहेर बघत होते, आणि मी त्यांना किती दिसतंय याचा अंदाज घेत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती नोंद काढली. यंत्राला न समजलेला प्रत्येक फोन आम्ही अख्खा साठवून ठेवायचो, पुढं सुधारणा करता यावी म्हणून. हेडफोन लावला.

यंत्र म्हणालं, म्हणजे मी म्हणाले, “नमस्कार. आपल्या...”

“नमस्कार, नमस्कार,” आबा म्हणाले.

मी लगेच थांबले. “माफ करा, मला आपले म्हणणे समजले नाही. आपल्या डोळ्याच्या...”

“हं.”

“माफ करा, मला आपले म्हणणे समजले नाही. आपल्या डोळ्याच्या शस्त्र...”

“हां, बोल गो. आयकतोय मी. बोल.”

“धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो.”

आभार मानल्यावर फोन तुटेपर्यंत यंत्र आणखी क्षणभर ऐकत असे. त्या क्षणात आबांचा आवाज होता, लांबून आल्यासारखा, वहिनीला सांगताना, “ठेवला वाटतं.”

आमच्याकडं कुणी बोलत असताना ऐकणाऱ्यानं गप्प बसायचं नसतं. गप्प बसला तर तो झोपला तरी असेल नाहीतर रुसला तरी. दर वाक्याला ‘हं’ म्हणायचं, म्हणजे बोलणाऱ्याला कळतं की आपलं बोलणं पोचतंय. गोष्ट सांगायला बसलेला माणूस तर आधी विचारतो, हुंकारा कोण देणार? आणि कुणीतरी कबूल झाल्याशिवाय गोष्ट सुरू करत नाही. आमच्या गावात हे काम आबांचं होतं. सोयरीक जमवायची बैठक असो, नाहीतर दोन भावांचं बांधावरून बिनसलेलं असो, आबांना नेऊन बसवायचे. ते सल्ला देत नसत. फक्त ‘हं’, ‘मंग’, ‘आसं व्हय’ एवढंच. तेवढ्यावर समोरचा पोटातलं सगळं बाहेर काढायचा आणि हलका होऊन घरी जायचा. आबांच्या ‘हं’मुळं मीही वाढले. शाळेतून आल्यावर मी बोलत सुटायचे आणि ते दोरी वळता वळता हुंकार देत राहायचे. मला मध्येच कुणी तोडलं नाही, म्हणून मी अशी झाले की काय, कोण जाणे.

आणि मी त्यांना सांगितलं होतं, नीट ऐकून घ्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांच्या प्रत्येक ‘हं’ला माझं यंत्र दचकून गप्प होत होतं आणि त्यांच्याकडं माफी मागत होतं. तारखेपर्यंत ते एकदाही पोचलं नाही.

मी त्या दिवशी शहापूर आणि मुरबाडच्या बाकीच्या नोंदीही ऐकल्या. ‘हं.’ ‘हं, मंग?’ ‘बोला बाय.’ ‘हां, बोला बोला.’ एका म्हातारीनं यंत्राला विचारलं होतं, जेवलीस का गो? सगळ्यांचे आभार मानून मी फोन ठेवले होते. कपाळावर हात मारून घ्यावा तर त्यालाही उशीर झालेला. मी ‘खरं’ हा शब्द खोडून ‘खोटं’ लिहिलं. अर्धा मिनिट लागलं. साहेब म्हणाले, बरं झालं लवकर सापडलं. ‘प्रतिसाद नाही’ असलेल्या प्रत्येकाला मी पुढचे दोन दिवस स्वतः फोन केले. कुणी दुसरीकडं ऑपरेशन करून घेतलं होतं, कुणी अजून आमच्या फोनची वाट बघत होतं. माझं बोलणं चालू असताना पलीकडून ‘हं’ येत होतं.

आबांसाठी मात्र त्या साडेतीन आठवड्यांत मला काहीच करता आलं नाही. मी दुसऱ्या दोन डॉक्टरांकडं नेलं. एकानं थेंब वाढवले, दुसऱ्यानं तेच रुग्णालय सुचवलं. रोज सकाळी मी फोन करायचे आणि विचारायचे, दिसतंय ना? आबा म्हणायचे, दिसतंय. वहिनीनं नंतर सांगितलं, तांब्या शोधताना ते हात जमिनीवर फिरवायचे. एकदा राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायला, शेतात गेले आणि बांधावरून खाली पडले. मला सांगू नको म्हणाले होते.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी पट्टी सोडली, आबांना बोटं मोजायला सांगितली, मग हात हलवून दाखवला, मग टॉर्च. टॉर्चला आबा हसले आणि म्हणाले, “उजेड हाय.” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दाब आता आटोक्यात आलाय, पण शीर वाळली आहे, गेलेलं येत नाही. मी विचारलं, पहिल्याच तारखेला झालं असतं तर? ते म्हणाले, सांगता येणार नाही. कदाचित बरंचसं राहिलं असतं. कदाचित नसतंही. त्यांनी मला धीर द्यायला तसं सांगितलं, की खरंच तसं होतं, हे मला विचारता आलं नाही. पुढं कित्येक दिवस मी त्या ‘कदाचित’ला धरून बसले होते. कधी त्याचं हे टोक, कधी ते.

आबांना मी सगळं सांगितलं ते पाच-सहा महिन्यांनी. तोपर्यंत धीरच झाला नाही. भात झोडून झालं होतं, भाऊ-वहिनी पेंढा रचत होते आणि आबा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. ते आता कुणाच्या मदतीशिवाय अंगणाबाहेर जात नव्हते. मी त्यांच्यापुढं बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. फोन मी केला नव्हता. यंत्रानं केला होता. माझा आवाज आधी भरून ठेवलेला होता. त्या यंत्राला मध्ये कुणी बोललं की थांबायचं, असं मीच शिकवलं होतं. साहेब नको म्हणत होते, मीच हट्ट केला. शनिवारी तुम्ही सांगायला लागलात तेव्हा मीच फोन ठेवला. तुमचा डोळा माझ्यामुळं गेला, आबा.

आबांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. माझं संपलं तरी ते गप्पच होते. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग ते म्हणाले, “आसा येवढा लांबचा कशाला बोलतंस? मला म्हाईत हाय चूक कोनाची ती.”

मी म्हटलं, कोणाची?

“माजी. तू तारीख सांगत व्हतीस आन मी तुला बोलूच दिला नाय. मदी मदी बडबडलो. तू दोनदा माफी पन मागलीस माजी.” त्यांनी हात पुढं केला, मी तो धरला. “किती दीस मी त्येच घोकतोय. तेवढा गप बसलो आसतो तर.”

मी पुन्हा सांगितलं. यंत्र म्हणजे काय, आवाज कसा भरतात. जमिनीवर काडीनं कंस काढून दाखवायला लागले आणि मग लक्षात आलं की त्यांना ते दिसत नाहीत. आबा मान हलवत होते, लहान मुलाचं खोटं ऐकून घेताना हलवतात तशी. “पोरीचा आवाज मला कळनार नाय व्हय?” म्हणाले. “तू माज्या आंगावरचा काडून आपल्या आंगावर घेतंस. नको घेऊ. माज्या डोल्याचा मी बघून घेईन.” नंतर भावाला बोलावून मी त्याच्याकडूनही सांगवलं. त्याला यंत्राचं पटलं. आबांना नाही पटलं. दुसऱ्या खेपेला मी ऑफिसातली नोंद मोबाइलवर भरून घेऊन गेले, ती त्यांच्या कानाला लावली. त्यांनी ऐकली आणि म्हणाले, “ह्येच ना. बघ, मीच मदी बोलतोय.” ती मी पुन्हा कधी लावली नाही.

त्या वर्षापासून आबांनी हुंकार द्यायचं सोडलं. कुणी बैठकीला न्यायला आलं तर म्हणायचे, मला नाय जमत आता. घरी कुणी बोलायला बसलं तर ओठ मिटून, मान खाली घालून ऐकायचे, आणि बोलणाऱ्याचं सगळं संपून वर थोडा वेळ गेल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. माणसं दोन-चार वाक्यं बोलायची, बिचकायची आणि उठून जायची. मी शनिवारी फोन करते. सांगत असते, पोराची शाळा, वाशिंदचं पाणी, काहीबाही. पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येत नाही. मी म्हणते, आबा, आहात ना? तरी ते बोलत नाहीत, कारण माझं बोलणं संपलं की नाही याची त्यांना खात्री नसते. मग मीही गप्प होते, आणि आम्ही दोघं तसेच थांबून राहतो, एकमेकांना बोलू देण्यासाठी.